दोनशे मिलिमीटरची दंतकथा

मोटार-उद्योगाच्या इतिहासात एक उपाय पुन्हा पुन्हा योजलेला दिसतो. घरगुती वापराची चार दारांची गाडी, म्हणजे सेडान, बाजारात मागे पडू लागली आणि गिऱ्हाईक तिच्याकडे वळून पाहीनासे झाले, की कारखान्यातले कोणीतरी म्हणते : हिच्यात मोठे इंजिन बसवा. मग तीच गाडी, तेच दरवाजे, तीच डिकी. पण बॉनेटखाली दीडपट ताकद आणि बाहेर एक लहानसे लाल चिन्ह. अशा वेगवान आवृत्त्या फार खपत नाहीत. त्या फार खपाव्यात अशी कारखान्याचीही अपेक्षा नसते. तरीही हा उपाय कधी विलक्षण लागू पडतो, आणि कधी अगदी तोच उपाय, तितक्याच प्रामाणिकपणे केलेला, फुकट जातो.

असे का होते हा प्रश्न हिशेबनिसांचा वाटेल, पण त्याचे उत्तर हिशेबाच्या वह्यांत पुरते सापडत नाही. एखाद्या ग्रंथाचा नवा पाठभेद हाती लागतो आणि पिढ्यान्‌पिढ्या एका रीतीने वाचलेली संहिता निराळी वाचता येऊ लागते, हा अनुभव साहित्याच्या अभ्यासकाला नवा नाही. सेडानची वेगवान आवृत्ती हा असाच एक पाठभेद असतो. ती स्वतः थोड्यांच्याच हाती पडते. परंतु तिच्या अस्तित्वाने रुळलेल्या प्रतीकडे पाहण्याची दृष्टी पालटते. दाराशी उभी असलेली साधी गाडी मग ‘त्या’ गाडीची सख्खी बहीण ठरते. ही तुलना मी फार ताणणार नाही. पाठभेदामुळे सहसा कोणाची नोकरी जात नाही, इथे जाते.

या व्यवहाराचा सर्वांत बोलका दाखला जपानमधल्या प्रिन्स मोटर कंपनीचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्तराष्ट्रांच्या अंमलाखाली जपानमध्ये विमाने बांधण्यास बंदी झाली. ताचिकावा विमान कारखान्यातल्या काही अभियंत्यांनी तेव्हा विजेवर चालणाऱ्या मोटारी करायला घेतल्या. कारण साधे होते : पेट्रोल मिळत नव्हते, वीज मिळत होती. ‘तामा’ नावाची ही विजेची मोटार १९४७ साली रस्त्यावर आली. पुढे कोरियातल्या युद्धाने बॅटरीला लागणारे शिसे महाग झाले, पेट्रोल मात्र पुन्हा मिळू लागले, आणि या मंडळींना पेट्रोलच्या गाडीकडे वळावे लागले. १९५२ साली अकिहितो यांचा युवराज म्हणून विधिपूर्वक स्वीकार झाला. त्या निमित्ताने गाडीला ‘प्रिन्स’ हे नाव मिळाले. १९५४ मध्ये फुजी प्रिसिजन या दुसऱ्या कंपनीशी तिचे एकत्रीकरण झाले. ही फुजीदेखील युद्धकाळातल्या नाकाजिमा या विमान-उद्योगाचीच एक शाखा. टायरवाले ब्रिजस्टोनचे संस्थापक इशिबाशी शोजिरो हे या साऱ्याचे आधारस्तंभ होते.

थोडक्यात, विमानांच्या इंजिनांवर हात बसलेली, पण मोटारी विकण्याची कला न साधलेली अशी ही माणसे होती. १९५७ साली त्यांनी ‘स्कायलाइन’ ही सेडान आणली. डोंगरमाथ्याची आकाशावर उमटणारी रेघ असा त्या नावाचा अर्थ. गाडी चांगली होती. पण टोयोटा आणि निसान यांच्याजवळ गावोगावच्या विक्रेत्यांची जी जाळी होती, तिच्यापुढे प्रिन्सचे बळ तोकडे पडत असे. चांगले लिहिणाऱ्या, परंतु प्रकाशक न लाभलेल्या लेखकाची जी अवस्था होते, तशीच ती होती.

१९६३ च्या मे महिन्यात सुझुका येथे जपानची पहिली ग्रांप्री शर्यत झाली. कारखान्यांनी या शर्यतीत अधिकृतपणे उतरू नये, गाड्यांत खास फेरफार करू नयेत, असा उद्योजकांत आपसात समझोता झाला होता. प्रिन्सने तो पाळला. इतरांनी तो कितपत पाळला याविषयी बरेच बोलले गेले आहे. निकाल मात्र स्पष्ट होता. टोयोटाच्या गाड्या आपापल्या गटांत जिंकल्या आणि त्या विजयांची मोठी जाहिरात झाली. प्रिन्सच्या वाट्याला नाचक्की आली. शर्यत ही तोवर अभियंत्यांना एक करमणूक वाटत होती. शर्यतीतला निकाल हा शोरूममध्ये वाचला जाणारा मजकूर आहे, हे त्या वर्षी जपानी उद्योगाला कळले. पुढच्या वर्षी काहीही करून जिंकायचे, असा वरून हुकूम आला, असे सांगितले जाते.

त्याच वर्षाच्या अखेरीस स्कायलाइनची दुसरी पिढी बाजारात आली होती. दीड लिटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, ७० अश्वशक्ती, कुटुंबासाठी बेताच्या आकाराची नीटस गाडी. डॉक्टर, शिक्षक, लहान व्यापारी यांनी घ्यावी अशी. तिच्यात शर्यतीचे काही नव्हते. कंपनीजवळ आणखी एक मोठी गाडी होती, ग्लोरिया. तिच्यात दोन लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन होते. साकुराई शिनइचिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढचा पेच असा : मोठ्या गाडीचे इंजिन लहान गाडीत बसवायचे आहे, पण सहा सिलिंडर एका ओळीत मांडले की इंजिन लांब होते आणि स्कायलाइनच्या बॉनेटखाली तेवढी जागाच नाही.

त्यांनी काढलेला तोडगा इतका ओबडधोबड आहे की त्याचे कौतुक करावे की हसावे असा प्रश्न पडतो. त्यांनी गाडी कापली. पुढची चाके आणि पुढची काच यांच्या मधल्या भागात त्यांनी २०० मिलिमीटरचा तुकडा घातला. प्रवाशांची जागा, दरवाजे, डिकी, सारे जसेच्या तसे. फक्त नाक एक वीतभर पुढे. बाजूने पाहिले तर प्रमाण बिघडलेले लगेच जाणवते. वजन पुढे सरकल्याने मागची चाके हलकी झाली, आणि वळणावर गाडीचे शेपूट घसरू लागले. ज्यांना गाडी हाकता येत होती त्यांना ते घसरणेच आवडू लागले, हा पुढचा भाग. शर्यतीच्या नियमाप्रमाणे अशा किमान १०० गाड्या तयार करणे आवश्यक होते. तेवढ्या तयार झाल्या, आणि शर्यतीच्या तोंडावर, १९६४ च्या मे महिन्याच्या आरंभी, ‘स्कायलाइन जीटी’ विक्रीस ठेवण्यात आली.

दुसरी ग्रांप्री त्याच आठवड्यात होती. कागदावर प्रिन्सचा विजय ठरल्यासारखाच होता. पण ऐनवेळी एका खाजगी स्पर्धकाने, शिकिबा सोकिची याने, पोर्शे ९०४ आणली. ही गाडी कुटुंबाची नव्हेच; फायबरचे कवच, चालकाच्या पाठीमागे इंजिन, जमिनीला चिकटलेली, जन्मतःच शर्यतीची. सरावाच्या वेळी शिकिबाने ती आपटली. रात्रभर खपून ती दुरुस्त करण्यात आली आणि दुसऱ्या दिवशी ती शर्यतीत उतरली. सोळा फेऱ्यांची शर्यत. अपेक्षेप्रमाणे पोर्शे पुढे गेली. मग सातव्या फेरीत, मागे पडलेल्या एका गाडीमुळे शिकिबा क्षणभर अडला, आणि इकुझावा तेत्सु याची स्कायलाइन त्याला ओलांडून गेली. प्रेक्षकांच्या सज्जासमोरून गाड्या गेल्या तेव्हा सर्वांत पुढे जपानची एक चार दारांची सेडान होती आणि तिच्या मागे पोर्शे. लोक उभे राहिले.

हे जेमतेम एक फेरी टिकले. पोर्शे पुन्हा पुढे गेली आणि जिंकली. सुनाको योशिकाझु दुसरा, इकुझावा तिसरा. दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत सगळ्या स्कायलाइन. म्हणजे इतिहासाच्या कोरड्या भाषेत सांगायचे तर प्रिन्स हरली.

परंतु लोकांच्या स्मरणात जी गोष्ट राहिली ती या पराभवाची नव्हे, त्या एका फेरीची. पुढे तिच्यावर कथांचे थर चढले. दोघे चालक एकमेकांचे स्नेही होते, मित्राने मित्राला एक फेरी भेट म्हणून दिली, अशीही एक आवृत्ती सांगितली जाते. मागे पडलेल्या गाडीचे सरळ कारण उपलब्ध असताना ही दुसरी कथा का हवीशी वाटावी, हे पाहण्यासारखे आहे. हरलेल्या लढाईचे आख्यान जिंकलेल्या लढाईच्या बखरीपेक्षा दीर्घायुषी ठरते, हे पानिपतावरचे वाङ्मय वाचत वाढलेल्या मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. प्रिन्सने ती शर्यत सहज जिंकली असती, तर १९६४ मधली ती एक क्रीडावार्ता झाली असती. पोर्शे आली, म्हणून दंतकथा झाली.

आता बाजाराकडे वळू. शंभर गाड्या हातोहात गेल्या आणि मागणी थांबेना, म्हणून १९६५ च्या फेब्रुवारीत ‘२०००-जीटी’ नियमित विक्रीला आली : तीन वेबर कार्बोरेटर, १२५ अश्वशक्ती. तिची खरी मेख मात्र त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आलेल्या दुसऱ्या गाडीत आहे. ‘२०००-जीटी-ए’ दिसायला तशीच, तेच लांब नाक. पण एकच कार्बोरेटर, १०५ अश्वशक्ती, सौम्य स्वभाव, कमी किंमत. मूळ जहाल गाडीला ‘जीटी-बी’ म्हणू लागले. ‘बी’चे चिन्ह लाल, ‘ए’चे निळे. लाल चिन्हाची गाडी सकाळी बायको-मुलांना घेऊन निघायला तापदायकच. निळ्या चिन्हाची मात्र रोज चालवता येई आणि तरीही तिच्यावर त्या एका फेरीची सावली असे. वेगवान आवृत्ती सेडानला कशी तारते याचे सगळे गुपित या दोन रंगांत आहे. लाल चिन्ह गोष्ट सांगते. निळे चिन्ह पैसे आणते. आणि त्यांच्याही खालची, बिनचिन्हाची दीड लिटरची स्कायलाइन आता ‘मागे पडलेली गाडी’ राहत नाही.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ही युक्ती चालली, कारण लाल, निळी आणि साधी या तिन्ही गाड्या खरोखरच एका कुळातल्या होत्या. तेच दार, तीच खिडकी, तीच आसने. नाक कापून लांबवलेले होते, हा तिचा दोषच तिच्या सच्चेपणाची साक्ष ठरला. शर्यतीसाठी वेगळी, सुबक गाडी घडवली असती तर ती जिंकलीही असती. पण मग शेजारच्या डॉक्टरांच्या स्कायलाइनचा तिच्याशी काय संबंध?

गाडी वाचली. कंपनी वाचली का? नाही. जपानचे व्यापार व उद्योग मंत्रालय त्या काळात परकी स्पर्धेच्या धास्तीने लहान मोटार कंपन्यांनी मोठ्यांत विलीन व्हावे असा आग्रह धरत होते. १९६५ च्या मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी निसान आणि प्रिन्स यांच्या विलीनीकरणाची घोषणा झाली. १९६६ च्या मे महिन्यात, फुजी येथील नव्या मार्गावर, प्रिन्सच्या ‘आर-३८०’ या शर्यतीच्या गाडीने पोर्शेला अखेर हरवले. चालक होता तोच सुनाको. आणि १ ऑगस्ट १९६६ रोजी प्रिन्स मोटर कंपनी कायद्याने संपली. ज्या दिवशी तिने सूड उगवला, त्या दिवशी तिच्या उरलेल्या आयुष्याचे तीनच महिने बाकी होते, आणि हे तिथे असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. दंतकथेचा जो भाग सहसा सांगितला जात नाही, तो हा.

निसानने स्कायलाइन हे नाव राखले, आणि साकुराई यांनाही. १९६८ मध्ये तिसरी पिढी आली. तिच्यातही सहा सिलिंडरांसाठी नाक लांबवण्याची रीत पाळली गेली. आता ती अडचण राहिली नव्हती, ओळख झाली होती. १९६९ च्या फेब्रुवारीत ‘जीटी-आर’ आली : आर-३८० च्या वंशातले चोवीस व्हॉल्व्हचे इंजिन, १६० अश्वशक्ती, आणि तरीही चार दारे. पुढच्या तीन वर्षांत तिने जपानमध्ये पन्नासच्या आसपास शर्यती जिंकल्या. त्यांतला पहिला विजय तिला टोयोटाची पुढे असलेली गाडी दंडामुळे मागे ढकलली गेल्यामुळे मिळाला होता, हे तिचे भक्त हळू आवाजात सांगतात.

आकडे पाहावेत. चार दारांच्या जीटी-आर विकल्या गेल्या त्या आठशेच्या घरात. त्या पिढीच्या एकूण स्कायलाइन तीन लाखांहून अधिक. १९७२ ची चौथी पिढी तर अधिकच बोधप्रद. तिच्या जाहिरातीत केन आणि मेरी हे तरुण जोडपे स्कायलाइनमधून जपानभर हिंडताना दाखवले होते. शर्यत नाही, वेग नाही. माळरान, वारा आणि दोघे. होक्काइदो बेटावरच्या बिएई या गावी जिथे त्यातली एक जाहिरात घेतली गेली, तिथल्या पॉप्लरच्या झाडाला आजही केन आणि मेरीचे झाड म्हणतात. या पिढीच्या गाड्या साडेसहा लाखांहून अधिक खपल्या. त्यांतल्या जीटी-आर दोनशेच्याही आत. १९७३ मध्ये धुराविषयीचे कडक नियम येताच तिचे उत्पादन बंद पडले, आणि ते नाव पुढे १९८९ पर्यंत परतले नाही. म्हणजे जिच्या बळावर लाखो गाड्या खपल्या, ती गाडी जवळजवळ अस्तित्वातच नव्हती. मूळ पोथी हरवली आणि टीकाग्रंथांवर संप्रदाय चालला, असेच काहीसे.

याच काळात पॅसिफिकच्या दुसऱ्या तीरावर हाच प्रयोग निराळ्या स्वभावाने चालला होता. जनरल मोटर्सची पाँटिअक ही शाखा १९५० च्या दशकात म्हाताऱ्यांची गाडी म्हणून ओळखली जाई. १९५६ साली सेमन नुडसेन तिचे प्रमुख झाले. १९३० च्या दशकापासून पाँटिअकच्या बॉनेटवर चकचकीत रुपेरी पट्ट्या असत. त्यांनी त्या प्रथम काढायला लावल्या. तरुणाची गाडी म्हाताऱ्याला विकता येते, म्हाताऱ्याची गाडी तरुणाला विकता येत नाही, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे त्या उद्योगात म्हणीसारखे झाले. त्यांनी शर्यतींना पैसा दिला आणि एस्टिस व डिलोरियन हे अभियंते आणले. १९६० च्या दशकातली बहुतेक वर्षे पाँटिअक अमेरिकेतल्या विक्रीत तिसऱ्या क्रमांकावर राहिली.

१९६३ च्या आरंभी जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी आपल्या सगळ्या शाखांना शर्यतींतून बाहेर पडायला सांगितले. पाँटिअकची गोष्ट जिथून येत होती तो झराच आटला. मध्यम आकाराच्या गाडीत सुमारे ५.४ लिटरहून मोठे इंजिन घालायचे नाही, असाही कंपनीचा नियम होता. डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले की पाँटिअकचे ६.४ लिटरचे इंजिन बाहेरून लहान इंजिनाइतकेच आहे. ते ‘टेंपेस्ट’ या साध्या गाडीत सहज बसते. इथे प्रिन्ससारखी करवत लागली नाही, नियमाची पळवाट पुरली. नव्या गाडीला वरिष्ठांची मंजुरी लागते; पण गिऱ्हाइकाने मागितलेल्या जादा सामानाला लागत नाही. म्हणून ‘जीटीओ’ ही गाडी म्हणून नव्हे, तर टेंपेस्टच्या दोन दारी गाडीवर सुमारे २९६ डॉलरचे ‘जादा सामान’ म्हणून १९६४ साठी आली. विक्रीप्रमुखाने पाच हजारांपर्यंतच हमी भरली. त्या वर्षी ३२,४५० खपल्या. १९६६ मध्ये ९६,९४६.

‘जीटीओ’ हे नाव फेरारीकडून सरळ उचललेले होते, आणि शर्यतीसाठी मान्यता मिळालेली गाडी असा त्याचा इटालियन अर्थ. पाँटिअकला अशी मान्यता नव्हती आणि शर्यतीला तर बंदीच होती. १९६४ च्या मार्चमध्ये ‘कार अँड ड्रायव्हर’ या मासिकाने दोन्ही जीटीओंची तुलना छापली. प्रत्यक्षात फेरारी समोर आणलीच नव्हती. आणि पाँटिअकची जाहिरात सांभाळणाऱ्या जिम वँगर्स यांनी बऱ्याच वर्षांनी आपल्या आठवणींत सांगून टाकले की मासिकाला दिलेल्या गाडीत दुकानात मिळणारे इंजिनच नव्हते, त्याहून मोठे होते. साधनांची छाननी करायला शिकवणाऱ्या शिक्षकांनी हा लेख वर्गात वापरावा असे माझे प्रांजळ मत आहे. सुझुकाच्या त्या एका फेरीला हजारो डोळ्यांची साक्ष होती. इथली गोष्ट जाहिरात-कचेरीत रचलेली होती. दोन्ही सारख्याच चालल्या. खऱ्या गोष्टीचे आयुष्य खोट्या गोष्टीपेक्षा अधिक असते असे म्हणण्याचा मोह होतो, पण पुरावा तसे ठामपणे म्हणू देत नाही.

पुरावा निराळेच काही सांगतो. विम्याचे वाढते हप्ते आणि धुराचे नियम यांनी जीटीओ १९७४ साली संपली; शेवटच्या वर्षी सात हजारांच्या आसपास गेल्या. २००४ मध्ये पाँटिअकने ते नाव पुन्हा आणले. पण या वेळी ती ऑस्ट्रेलियात होल्डनने बांधलेली, आयात केलेली मोनारो होती. पाठोपाठ २००८ मध्ये ‘जी-८’ आली, तीही ऑस्ट्रेलियातून. उत्तम, ताकदवान, चार दारांची. दोन्ही गाड्यांची जाणकारांनी वाखाणणी केली. मात्र शोरूममध्ये त्यांच्या शेजारी ज्या साध्या पाँटिअक उभ्या होत्या, त्यांच्याशी या गाड्यांचे रक्ताचे नाते नव्हते. लाल चिन्ह होते. निळे चिन्ह लावायला खाली गाडीच नव्हती. २००९ च्या एप्रिलमध्ये पाँटिअक बंद करण्याची घोषणा झाली आणि त्या जूनमध्ये खुद्द जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला.

आपल्याकडेही हा प्रयोग झाला आहे, पुण्याजवळ रांजणगावला. फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतल्या कारखान्यातून २००९ च्या जानेवारीत ‘लिनिया’ ही सेडान आली. देखणी, भारदस्त, वेगातही रस्त्याला धरून राहणारी. परंतु नव्वद अश्वशक्तीच्या आसपासच्या पेट्रोल आणि डिझेल इंजिनांना तिचे वजन जड जाई, आणि ती मागे पडू लागली. २०१० मध्ये तिची ‘टी-जेट’ आवृत्ती आली : टर्बो पेट्रोल इंजिन, ११४ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक. अंग तेच, कारखाना तोच. प्रिन्सची कसोटी लावली तर ही गाडी उत्तीर्ण व्हायला हवी होती.

ती झाली नाही. एक तर काळ प्रतिकूल. २०१० च्या जूनमध्ये सरकारने पेट्रोलच्या दरावरचे नियंत्रण उठवले, डिझेलचे मात्र २०१४ पर्यंत ठेवले. त्यामुळे सेडान घेणारा मध्यमवर्ग डिझेलकडे धावत होता आणि फियाटचेच १.३ लिटरचे डिझेल इंजिन मारुतीच्या स्विफ्टमधून आनंदाने विकत घेत होता. दुसरे म्हणजे २०१२ पर्यंत फियाटच्या गाड्या टाटांच्या विक्रेत्यांकडे विकल्या जात; गोष्ट सांगणाराच दुसऱ्याच्या घरचा, तर ती सांगणार कोण? तिसरे कारण मला अधिक खोलवरचे वाटते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात अनेक दशके बांधली गेलेली फियाट ११००, पुढची पद्मिनी, हिने मुंबईकरांच्या भाषेत ‘फियाट’ या शब्दाचा अर्थ पक्का करून टाकला होता. फियाट म्हणजे काळी-पिवळी टॅक्सी, वडिलांची गाडी, हँडलाजवळचा गिअर, चिवटपणा. या अर्थात मायेचा अंश भरपूर होता, वेगाचा मुळीच नव्हता. तो पालटायला एक सुझुका हवे होते, लोकांनी उभे राहून पाहिलेली एक फेरी हवी होती. टी-जेटला तशी फेरी मिळाली नाही. तिचे मोजके चाहते तिच्यावर जीव टाकत आणि शोरूम रिकाम्या राहत. २०१६ मध्ये १२५ अश्वशक्तीची आवृत्ती आली, तीही कोणाच्या फारशी लक्षात आली नाही. दशक सरता सरता लिनिया बंद झाली. रांजणगावच्या त्या कारखान्यातून २०१७ पासून जीप कंपास बाहेर पडू लागल्या होत्या.

लेखाच्या आरंभी नोकरीचा उल्लेख केला होता, तो धागा इथे घेतो. प्रिन्सचे कामगार ज्या संघटनेत होते, ती निसानमधल्या व्यवस्थापनधार्जिण्या संघटनेहून बरीच लढाऊ होती. विलीनीकरणाबरोबर बहुतेकांना नव्या संघटनेत जावे लागले. जे गेले नाहीत, त्यांचा एक लहानसा गट वर्षानुवर्षे पक्षपात सोसत झगडत राहिला. निसानचे नियम आता प्रिन्सच्या लोकांनाही लागू झाले. त्या नियमांत पुरुषांचे निवृत्तीचे वय ५५ होते आणि स्त्रियांचे ५०. प्रिन्समधून आलेल्या एका कर्मचारी स्त्रीला पन्नाशी पूर्ण होताच १९६९ च्या जानेवारीअखेर निवृत्त होण्यास सांगण्यात आले. पुढच्याच महिन्यात जीटी-आर बाजारात आली. ती न्यायालयात गेली. वयाचा असा भेद हा केवळ स्त्री असण्यावरून केलेला, म्हणून अवैध आहे, असा निर्णय जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९८१ मध्ये दिला. स्त्रियांच्या कामाच्या हक्कांविषयीच्या जपानी कायद्याच्या इतिहासात हा निवाडा मैलाचा दगड मानला जातो. स्कायलाइनवर जपानीत विपुल लेखन झाले आहे. लांब नाकाच्या गाडीची गोष्ट आणि या स्त्रीची गोष्ट एका कारखान्यातल्या आहेत, हे त्यांतल्या वेगाच्या भक्तांना सहसा आठवत नाही, आणि कायद्याच्या अभ्यासकांना गाडी आठवत नाही.

प्रिन्सने १९६२ साली तोक्योच्या पश्चिमेला मुरायामा येथे उभारलेल्या कारखान्यात स्कायलाइन तयार होत असत. १९९९ मध्ये कर्जात बुडालेल्या निसानमध्ये रेनॉने भांडवल घातले आणि त्याच वर्षी जाहीर झालेल्या पुनरुज्जीवनाच्या आराखड्यात बंद करायच्या कारखान्यांत मुरायामाचे नाव आले. १९८९ मध्ये परतलेली जीटी-आर तेव्हा जगभर कीर्तीच्या शिखरावर होती. २००१ मध्ये मुरायामात गाड्या बनणे थांबले. २००७ मध्ये निसानने जीटी-आर ही स्वतंत्र, दोन दारांची गाडी म्हणून आणली आणि तिच्या नावातून ‘स्कायलाइन’ हा शब्द गाळला. ती २०२५ च्या ऑगस्टपर्यंत बनत राहिली. मुरायामाच्या जागेवर आता एक उद्यान आहे. त्याचे नाव ‘प्रिन्सची टेकडी’, आणि तिथे जीटी-आरचे जन्मस्थान म्हणून एक स्मारक उभारलेले आहे.